निर्वासित मुलाचा वाली कोण?



मक्केतील छळामुळे काही मुसलमान हबश देशी गेले, तेव्हा तेथील ख्रिस्ती राजा नजाशीने त्यांना आसरा दिला, ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकतो. आज मी आसरा मागणाऱ्या मुलांविषयीच बोलणार आहे. उदाहरण स्कॉटलंडचे आहे.

स्कॉटलंडला १९९९ साली स्वतःची पार्लमेंट मिळाली. शाळा, दवाखाने, मुलांची देखभाल हे विषय तिच्याकडे आले. परंतु परदेशातून आलेल्याला देशात राहू द्यायचे की नाही, हे लंडनचे सरकारच ठरवते. म्हणजे एका सरकारने मुलाच्या हाती पुस्तक द्यायचे आणि दुसऱ्याने त्याला देशाबाहेर धाडायचे, असेही होऊ शकते.

तसेच झाले. २००५ साली ग्लासगोच्या ड्रमचॅपल हायस्कूलमधील, कोसोव्होहून आलेल्या एका विद्यार्थिनीला कुटुंबासह घरातून उचलून कोठडीत नेण्यात आले. तिच्या मैत्रिणी गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या, थेट स्कॉटलंडच्या मुख्यमंत्र्यांची भेट घेतली. शिक्षक यूअन गर्व्हन त्यांच्या पाठीशी होते. अशी धरपकड थांबवण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांच्या हाती नव्हता. तरी इतका आवाज उठला की त्या कुटुंबाची सुटका झाली. त्या मुलींपैकी रोझा सालिह ही स्वतः इराकमधून आलेली कुर्द मुलगी. २०२२ साली ती ग्लासगोची नगरसेविका झाली.

अधिकार अपुरे आहेत म्हणून स्कॉटलंडने हात झटकले नाहीत. आईबापांवाचून आलेल्या मुलाला निवारा देणे हे १९९५ च्या कायद्याने तेथील स्थानिक कौन्सिलचे काम आहे. २०१० पासून अशा मुलांसाठी वाली नेमण्याचा प्रयोग सुरू झाला. २०२३ पासून त्याला कायद्याचा आधार मिळाला. हा वाली मुलाला वकिलाकडे नेतो, कागदपत्रे समजावतो, त्याची बाजू मांडतो.

आता आपले पाहू. परगावाहून आलेल्या मुलाला जन्मदाखल्यावाचून किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून परत पाठवू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. म्हणजे आपल्यावर सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून कर्तव्यही नाही काय?

नोकरीच्या सुरुवातीला वीटभट्टीवरच्या एका मजुराला मी स्वतः म्हणालो होतो, "आधी दाखला आणा." तो मुलाचे बोट धरून गेला आणि पुन्हा आला नाही. ती चूक माझी होती.

आपले रसूल स्वतः यतीम होते. तेव्हा शिक्षक बंधूंनो, दाखला मागाहून येऊ द्या, मूल आधी वर्गात बसू द्या. आणि मुलांनो, नव्या सोबत्याला आपल्या बाकावर जागा द्या.