ससाण्याची तिसरी खेप



एकच कादंबरी, एकच कंपनी आणि दहा वर्षांत तीन चित्रपट! डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' १९३० साली पुस्तकरूपात आली. वॉर्नर ब्रदर्सनं पुढच्याच वर्षी तिच्यावर बोलपट काढला. १९३६मध्ये पात्रांची नावं बदलून आणखी एक काढला. त्या दोन्हींची आठवण आज अभ्यासकच ठेवतात. मग १९४१ साली जॉन ह्यूस्टन या पटकथालेखकाला पहिल्यांदाच दिग्दर्शन करायला मिळालं, आणि त्यानं हीच दोनदा वापरलेली गोष्ट घेतली.

त्यानं वेगळं काय केलं? फारसं काही नाही, आणि तेच त्याचं शहाणपण. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला. त्याचा नायक, गुप्तहेर सॅम स्पेड, याच्या मनात काय चाललंय, हे तो कादंबरीभर सांगत नाही. भागीदाराचा खून झाल्याचा फोन रात्री येतो. त्यानंतर स्पेड सिगारेट कशी वळतो, याचं बारीकसारीक वर्णन आहे. त्याला दुःख झालं की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. कॅमेऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? ह्यूस्टननं संवादही पुष्कळसे जसेच्या तसे घेतले.

स्पेडची भूमिका आधी जॉर्ज राफ्टला देऊ केली होती. त्यानं नाकारली, म्हणून हम्फ्री बोगार्ट आला. कादंबरीतला स्पेड सोनेरी केसांचा. बोगार्ट अगदी वेगळा. पण आज पुस्तक वाचतानाही डोळ्यांसमोर बोगार्टच येतो, त्याला इलाज नाही. खलनायकाच्या भूमिकेतला सिडनी ग्रीनस्ट्रीट आयुष्यभर रंगभूमीवर वावरलेला. साठी उलटल्यावर हा त्याचा पहिला चित्रपट. कॅमेरा त्याला खालून टिपतो, तेव्हा ते अवाढव्य पोट सगळी खोली व्यापतं, आणि त्यावरून येणारं ते गोड बोलणं ऐकताना अंगावर काटा येतो.

एक तक्रार मात्र आहे. कादंबरी स्पेडला क्षणभरही सोडत नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. चित्रपटात भागीदाराचा खून मात्र आपण स्पेडच्या आधी पाहतो. मारेकरी दिसत नाही, हे खरं. तरी ते दृश्य गाळलं असतं तर मला अधिक आवडलं असतं.

शेवट मी सांगणार नाही. फक्त एवढंच, की त्या लांबलचक अखेरच्या संभाषणात स्पेडचं गोष्टीतल्या नायिकेवर प्रेम आहे का, असा प्रश्न निघतो, आणि तो स्वतः 'कदाचित'च्या पुढे जात नाही. तेव्हा बोगार्टच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा.