नोकरी आणि नातेगोते
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘उत्तम नोकरदार कसे व्हावे’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत आपली मुलेमुली आज कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत व कारखान्यांत काम करीत आहेत. जेथे शेती पुरेनाशी झाली, तेथे या नोकऱ्यांनी घरे सावरली. म्हणून हा विषय केवळ तरुणांचा नव्हे. तो आपणां सर्वांचा आहे.

वेळेवर जावे, नेटके काम करावे, वरिष्ठांचा मान राखावा, हा उपदेश आपण घरोघरी ऐकलेला आहे. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे. नोकरदाराची कसोटी साहेबांसमोर जितकी लागते, त्याहून अधिक ती टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसासमोर लागते.

आपल्या वऱ्हाडातील कापसाचेच उदाहरण घ्या. शासकीय खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांवर गेला की दर कमी होऊ लागतो, आणि १२ टक्क्यांपलीकडे गेला तर माल नाकारला जातो. हा ओलावा मोजणारा मनुष्य पगाराने लहान असेल. परंतु एका कुटुंबाचे वर्ष त्या घटकेला त्याच्या हाती असते. त्याने यंत्र नीट लावले, आकडा खरा सांगितला आणि प्रत्येकास सारख्याच मापाने मोजले, तर तो उत्तम नोकरदार होय. परंतु त्याच रांगेत मामांची गाडी उभी असेल तर? खरा प्रश्न येथे सुरू होतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला आणि त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामांच्या घरी गेले. गुरे राखणे, नांगर धरणे, ही त्यांची शाळा. पुढे गावोगाव फिरताना ते आधी हाती खराटा घेत, आणि भाकरी मागत ती काम झाल्यावर. त्यांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभारल्या, परंतु त्यांवर आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नाही. आधी काम, मग भाकरी. आणि जे लोकांचे, ते आपल्या गोताचे नव्हे. नोकरदारास याहून निराळी दीक्षा कशाला हवी?

कायदाही हेच सांगतो. राज्य शासनाच्या कचेरीत कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारण फाईल ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमात म्हटले आहे. ओळखीच्या माणसासाठी ३ दिवस आणि अनोळखी माणसासाठी ३० दिवस, असा भेद त्यात नाही. ज्याची फाईल पुढे सरकते, त्याच्यामागे कोणा निनावी विधवेची फाईल खाली दबते, हे आपण विसरतो.

आता वडीलधाऱ्यांस एक नम्र विनंती. ‘आपला पोरगा तहसिलीत आहे, काम होऊन जाईल,’ हे वाक्य आपण कौतुकाने बोलतो. परंतु त्याच वाक्याने त्या पोराच्या मानेवर जू ठेवतो. नकार दिला तर लग्नकार्यात त्याला टोमणे ऐकावे लागतात, होकार दिला तर नोकरी धोक्यात येते. चौकशीची नोटीस आली म्हणजे शिफारस घेऊन आलेले आप्त त्याच्या शेजारी उभे राहत नाहीत. शिवाय एका कचेरीत आपला माणूस असेल, तर दुसऱ्या दहा कचेऱ्यांत तो नसतो. तेथे आपल्याला न्याय हवा असेल, तर येथे इतरांना तो मिळालाच पाहिजे. आणि आपल्याच समाजातील ज्या गरिबांचे कोणत्याही कचेरीत कोणी नाही, त्यांनी कोणाकडे पाहावे?

मग आपल्या माणसांसाठी काहीच करू नये काय? पुष्कळ करावे. कोणते कागद लागतात, अर्ज कोठे द्यावा, मुदत कधी संपते, नकार मिळाल्यास अपील कोठे करावे, हे सर्व सांगावे. मात्र जे आत्यास सांगाल, तेच दारी आलेल्या परक्यासही तितक्याच गोडीने सांगा. माहिती देणे हा उपकार नव्हे आणि पक्षपातही नव्हे. ते आपले कामच आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्यातील नोकरदारांनी महिन्यातून एक रविवार या सभागृहात दोन तास बसावे आणि येईल त्याचा अर्ज नीट भरून द्यावा. येणारा कोणत्या जातीचा, हे विचारू नये. सोमवारी तोच अर्ज आपल्या टेबलावर आला, तर त्याला त्याच्या क्रमानेच हात लावावा.

अशी माणसे या समाजातून निघाली, तर ‘आमचा मनुष्य कचेरीत आहे’ हे वाक्य सर्व वऱ्हाड आपल्याविषयी अभिमानाने बोलेल.