भय आणि भरवसा
(ज्युबिली-समारंभात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने गतकालाचे गोड स्मरण करून द्यावे, अशी रीत आहे. आज ती आम्ही थोडी मोडणार आहोत. आम्ही भयाविषयी बोलणार आहोत; कारण त्याची आणि आपल्या उंद्रीकरांची ओळख फार जुनी आहे. 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला, 1918 चा इन्फ्लुएन्झा सोसला. आणि 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस केंद्र सरकारने विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता.

भय वाटणे हे पाप नव्हे. संत मार्क यांनी वर्णिलेल्या वादळात तारवात बसलेल्या शिष्यांपैकी कित्येक जन्माचे कोळी होते. पाणी केव्हा जीव घेते, हे त्यांस पक्के ठाऊक होते. त्यांचे भय जाणत्याचे भय होते. मृग कोरडा गेला म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो, तोही तसाच. त्यास कोणी भित्रा म्हणू नये.

परंतु भयास एक खोड आहे. त्यास उद्याची वार्ता आजच हवी असते. आपल्याच जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घट मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतील धान्य पाहून वर्षाचा पाऊस व पीक सांगतात. दूरदूरचे शेतकरी ते ऐकावयास जमतात. आम्ही त्यांस हसत नाही. ज्याने बियाणे उसने आणले, तो आणखी काय करील? प्रभूने मात्र वादळ किती वेळ टिकेल, हे शिष्यांस सांगितले नाही. तो त्यांच्याच तारवात उशीवर डोके ठेवून निजला होता. आपल्या भरवशास एवढाच आधार आहे. देवावर हवाला टाकून औषध टाळणे, यास मात्र आम्ही भरवसा म्हणत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभूनेही नकार दिला होता.

आता आमचीच गोष्ट सांगणे प्राप्त आहे. 27 मार्च 2020 रोजी रोमच्या ओस चौकात, पावसात, पोप फ्रान्सिस यांनी वादळाच्या याच प्रसंगावर मनन केले. ते आम्ही भ्रमणध्वनीवर पाहिले; डोळे भरून आले. आणि पुढल्याच आठवड्यात आम्ही दार लावून बसलो!

एका संध्याकाळी जवळच्या वस्तीवरून एक तरुण आला. त्याची आजी अंथरुणास खिळली होती. फादरांनी येऊन पवित्र तेल लावावे, ख्रिस्तप्रसाद द्यावा, अशी तिची इच्छा होती. आम्ही खिडकीआडून बोललो. टाळेबंदी आहे, बाहेर पडण्यास मनाई आहे, घरीच जपमाळ करा. सारे खरे होते. परवानगी मागता आली असती, तोंड बांधून व अंतर राखून जाता आले असते, हेही तितकेच खरे होते. आम्ही सरकारी हुकूम पुढे केला आणि आमचे भय त्याच्या आड लपविले.

त्या रात्री झोप लागली नाही. उजाडताच आम्ही पोलीस पाटलांकडे गेलो. त्यांनी फोन करून आमची वाट मोकळी करून दिली. पोहोचलो तेव्हा घरच्यांची रात्रभर जपमाळ चालली होती, आणि शेजारची बौद्ध बाई दारात पाण्याची कळशी ठेवून जात होती. आजीने आमच्याकडे पाहिले व म्हणाली, “फादर, वाळले तुमी. काई खाल्लं का नाई?”

तिसऱ्या दिवशी ती प्रभूकडे गेली. अंत्यविधीस वीसच माणसांची मुभा होती. त्या वीसांत आपल्या मंडळीची निम्मीच होती. बाकीचे शेजारी होते. त्या रात्री सरोवरावर इतरही तारवे होती, असे संत मार्क लिहितात. ते वाक्य आम्ही अनेक वर्षे प्रवचनात गाळीत आलो होतो. वारा पडला तो त्या तारवांसाठीही पडला.

महाराष्ट्रातील प्रार्थनामंदिरे 16 नोव्हेंबर 2020 रोजी पुन्हा उघडली. त्या दिवशी झाडू घेऊन पहिल्याने आला तो तोच तरुण. आजचा हा मांडव घालणाऱ्यांतही तो आहे. खिडकीची गोष्ट त्याने आजवर कोणास सांगितली नाही. म्हणून आज ती आम्ही सांगितली.