कलामहर्षी बाबुराव पेंटर

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने आम्हांस दिली. मोकळीक दिली खरी, परंतु सोबत एक सूचनाही आली की, बोलावयाचे ते शक्यतो आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाविषयी बोलावे. ती सूचना आम्ही आदरपूर्वक बाजूस ठेवीत आहोत. कोल्हापूरचे बाबुराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांस अवघा महाराष्ट्र कलामहर्षी बाबुराव पेंटर या नावाने ओळखतो, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. तरीही त्यांचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्याच व्यासपीठावरून सांगितले जावे असे आम्हांस वाटते. त्याचे कारण ओघात येईलच.

बाबुरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव हे हातांत कसब असलेले गृहस्थ, आणि लाकूड, धातू व रंग यांच्याशी मुलाची ओळख अक्षरओळखीच्या बरोबरीनेच झाली. कोणत्याही चित्रशाळेची पदवी त्यांस नव्हती. चित्रकला काय किंवा मूर्तिकला काय, दोन्ही त्यांनी घरी, पाहून आणि करून आत्मसात केल्या. आनंदराव मेस्त्री हे त्यांचे नात्यातील बंधू आणि खऱ्या अर्थाने जोडीदार. या दोघा बंधूंनी १९१० नंतरच्या काही वर्षांत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात मोठे नाव मिळविले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी रंगविलेल्या पडद्यांची त्या काळी चर्चा होत असे. मेस्त्री हे आडनाव मागे पडून 'पेंटर' हे जे नाव चिकटले ते याच धंद्यामुळे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला, आणि या दोघा बंधूंचे मन पडद्यावरील स्थिर चित्रावरून हलत्या चित्राकडे वळले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र मिळविले, काही दिवस खेळ करून पाहिले, आणि मग मनाशी ठरविले की, चित्रे घेण्याचे यंत्र आपणच बनवावयाचे. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, दुसऱ्याने बनविलेले यंत्र उघडून पाहिले म्हणजे ते आपणांसही बनविता येईल, अशी कारागिराच्या मनाची खात्रीच असते.

हे काम किती अवघड होते याची कल्पना यावी म्हणून शाळामास्तराच्या सवयीने थोडे विवेचन करतो, श्रोत्यांनी क्षमा करावी. मूकपटाच्या काळात फिल्मची पट्टी एका सेकंदात सुमारे १६ वेळा पुढे सरकत असे आणि तितक्याच वेळा क्षणभर निश्चल उभी राहत असे. ती उभी असताना भिंगापुढील झडप उघडली पाहिजे आणि सरकताना मिटली पाहिजे. पट्टीच्या कडेच्या छिद्रांत नखी बरोबर अडकली पाहिजे, आणि ओढून झाल्यावर पट्टी न फाडता बाहेर आली पाहिजे. हे सारे हाताने दांडा फिरवून, एका लयीत. केसभर चूक झाली की पडद्यावरील माणूस थरथरू लागतो, आणि प्रकाशाचा एक कवडसा आत शिरला की दिवसभराची मेहनत काळवंडून जाते. नकाशे नाहीत, मार्गदर्शक ग्रंथ नाहीत, आणि बिघडले तर दुरुस्त करून देणारा कोणी जवळपास नाही, अशा स्थितीत कोल्हापूरच्या एका कारखान्यात हे यंत्र आकार घेऊ लागले.

आणि १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा तेव्हा पुरा झालेला नव्हता. चरित्रकार या ठिकाणी एखादे वाक्य लिहून पुढे जातात, परंतु आम्हांस येथे थांबावेसे वाटते. ज्याच्या बुद्धीने काम आरंभिले त्याने त्या यंत्रातून निघालेले एकही चित्र पाहिले नाही. आज आनंदरावांचे नाव कितीजणांस ठाऊक आहे? बाबुरावांनी काम टाकले नाही. विष्णुपंत दामले हा त्यांचा शिष्य यंत्रकामात असामान्य होता. त्याच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. आपल्या देशात बनलेला हा पहिला चित्रपटाचा कॅमेरा म्हणून त्याची ख्याती आहे.

यंत्र झाले, आता द्रव्य हवे. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय कोल्हापुरातील प्रत्येक कलावंतास होता तसा बाबुरावांसही लाभला. परंतु पहिल्या चित्रपटासाठी रोख रक्कम पुढे केली ती तानीबाई कागलकर या गायिकेने. पेढीवाल्यांनी ज्यास हात लावला नाही त्या धंद्यात एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी घातली, हे वाक्य आपल्या स्मरणिकेत ठळक छापावे अशी संपादकांस आमची विनंती आहे. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

आता त्या कंपनीत माणसे कोण होती ते पाहा. बाबुराव स्वतः मेस्त्री घराण्यातले. दामले ब्राह्मण. फत्तेलाल मुसलमान, आणि तेही कारागीर घराण्यातले, चित्रकलेत निपुण. पुढे थोड्याच काळात शांताराम वणकुद्रे नावाचा विशीच्या आतबाहेरचा मुलगा आला. त्याचे वडील जैन, आई हिंदू. तो पडेल ते काम करी. झाडलोट करी, रंग कालवी, सामान वाही, सांगितले तर अंगावर पोशाख चढवून कॅमेऱ्यापुढे उभाही राही. हाच मुलगा पुढे व्ही. शांताराम झाला. कोण कोणाच्या पंक्तीस बसतो असे विचारीत राहिले असते तर तो कॅमेरा अजून अर्धाच पडून राहिला असता. आम्ही ज्ञातिसंस्थेचे जुने सभासद आहोत आणि तिच्या उपयुक्ततेविषयी आमच्या मनात शंका नाही. तरी हे बोलल्याशिवाय आम्हांस राहवत नाही.

यापुढील गोष्ट अधिक कठोर आहे. फाळके यांस आरंभी स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती, पुरुषासच लुगडे नेसवावे लागले, हे आपणांस माहीत आहे. बाबुरावांनी 'सैरंध्री'त स्त्रीभूमिका स्त्रियांसच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघीजणी. पुढे त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी प्रसिद्ध झाल्या. परंतु प्रसिद्धी मागाहून आली, आधी आला तो बहिष्कार. त्यांच्या समाजाने त्यांस वाळीत टाकले, आणि दोघींस कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. म्हणजे ज्या वर्षी त्यांचे चित्र पाहण्यास लोक पैसे मोजीत होते, त्याच वर्षी स्वतःच्या माणसांत जाण्यास त्यांस मज्जाव होता. आज अशा स्त्रियांचे सत्कार ज्ञातिसंस्था करतात, शाली देतात, मानपत्रे देतात. ते योग्यच आहे. तथापि वाळीत टाकण्याचे ठरावही अशाच सभांतून, अशाच गंभीर चेहऱ्यांनी झाले असतील, याचा विसर पडू नये.

'सैरंध्री' हा चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रथम दाखविण्यात आला. कथा कीचकवधाची. याच कथेवरील खाडिलकरांच्या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली होती, त्यामुळे प्रेक्षक ती कोणत्या अर्थाने पाहत असतील हे सांगणे नको. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की, प्रेक्षागृहात घबराट उडाली, आणि पुढे तो भाग कापून टाकावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी लोकमान्य निवर्तले.

बाबुरावांची दिग्दर्शनाची रीत चित्रकाराची होती. नाटकाचे रंगविलेले पडदे रंगवूनच ते मोठे झाले होते, आणि चित्रपटातून ते पडदे हद्दपार करून खरीखुरी लांबी, रुंदी, खोली असलेले देखावे उभारणारेही तेच. चित्रीकरणापूर्वी ते प्रत्येक पात्राचा पोशाख, उभे राहण्याची ढब, हालचाल कागदावर रेखाटून ठेवीत. १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटात त्यांनी रात्रीचे प्रसंग कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात घेतले. त्यापूर्वी आमच्याकडील चित्रपट सूर्यनारायणाच्या मर्जीवर चालत, ढग आला की काम थांबे. भित्तिपत्रके तेच रंगवीत, आणि चित्रपटाची कथा व छायाचित्रे असलेली पुस्तिका छापून प्रेक्षकांस देण्याची पद्धतही त्यांनीच पाडली. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवरील 'सिंहगड' इतका चालला की, करमणूक कराची कल्पना सरकारास त्या गर्दीवरूनच सुचली असे जुने लोक सांगत. खरे खोटे सरकार जाणे!

आणि मग १९२५ साली आला 'सावकारी पाश'.

देव, दैत्य आणि किल्ले यांवर पैसा मिळत असताना बाबुरावांनी एका कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट घेतली. लबाड सावकार त्याची जमीन गिळतो आणि हा मनुष्य शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, इतकेच कथानक. शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांच्या आठवणीत एक काळोखी झोपडी आणि रडणारे कुत्रे राहिले. मूकपट असल्याने त्या कुत्र्याचा आवाज कोणीच ऐकला नव्हता, हे विशेष. आम्ही खेड्यातील शाळांत नोकरी केली. गहाण पडलेल्या जमिनीमुळे पटावरून नाव काढून शहराची वाट धरणारी मुले आम्ही स्वतः पाहिली आहेत. त्यामुळे आमच्या दृष्टीने बाबुरावांची खरी थोरवी येथे आहे, 'सैरंध्री'च्या चमत्कारांत नव्हे.

लोकांनी मात्र पाठ फिरविली. दिवसभर जे भोगावयाचे तेच रात्री दोन आणे देऊन पाहावयाचे कशासाठी, असा साधा हिशेब असावा. कंपनी पुन्हा पौराणिक कथांकडे वळली. बाबुरावांनी हा विषय सोडला नाही. १९३६ साली बोलपटाच्या जमान्यात त्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली.

बाबुरावांचा स्वभाव अबोल आणि कलंदर. काम मनासारखे झाले तरच पुढे जावयाचे, वेळेचे आणि पैशाचे बंधन त्यांस मानवत नसे. भांडवल घालणाऱ्यांस हे परवडणारे नव्हते, आणि हाताखाली तयार झालेल्या तरुणांचाही धीर सुटत चालला. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे कंपनी सोडून गेले, आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या जोडीने १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. 'प्रभात' १९३३ साली पुण्यास गेली, दामले व फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिस येथे गौरव झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. 'प्रभात'च्या त्याच जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. ज्या गुरूने कोणत्याही शाळेत ही विद्या घेतली नाही, त्याच्या शिष्यांच्या अंगणात ती विद्या शिकविण्याची शाळा निघाली!

शिष्य गेले ते कृतघ्नपणाने गेले, असे काहीजण म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. चाळीस मुलांच्या वर्गात जन्म घालविलेल्या माणसास ठाऊक असते की, शिकलेला मुलगा वर्गात बसून राहत नाही. परंतु मागे राहिलेल्या गुरूस त्या रिकाम्या बाकांकडे पाहवत नाही, हेही तितकेच खरे. त्यातच बोलपट आला. शब्द आले की डोळ्यांची भाषा मरेल, अशी बाबुरावांची समजूत होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबुरावांनी शालिनी सिनेटोनसाठी 'उषा', 'सावकारी पाश', 'प्रतिभा' असे बोलपट केले, पण ओढा पुन्हा कुंचल्याकडे आणि मूर्तिकामाकडे होता.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज शिल्लक नाहीत. त्या काळची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे, आणि कंपनीच्या आगीत बरेच भस्मसात झाले. १९२५ चा 'सावकारी पाश' आज कोणास पाहावयास मिळणार नाही. आम्ही जे बोललो ते वाचून आणि थोरांकडून ऐकून बोललो.

शिष्यांनी गुरूस विसरले मात्र नाही. शांतारामांनी मुंबईस राजकमल ही स्वतःची संस्था काढल्यावर १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटासाठी बाबुरावांस दिग्दर्शक म्हणून बोलावून घेतले. कोल्हापुरास कधीकाळी त्यांचे रंग कालविणारा मुलगा आता मालक होता, आणि दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे एका चित्रपटावर लागली. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकर यांची लेखणी, आणि पडद्यावर तमाशाचा फड. चित्रपट अफाट चालला. त्यानंतर १९५२ साली 'विश्वामित्र' आणि १९५३ साली 'महाजन' एवढे दोन चित्रपट बाबुरावांच्या हातून झाले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचा अंत झाला.