आतड्याचा कर्करोग आणि पोटावरचा छेद
(लोहा येथे सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मी वैद्य नव्हे, माहिती खात्यातील एक अधिकारी आहे. याच तालुक्यातील माझ्या एका आप्ताला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो असा, की शेत विकून यंत्रमानवाकडून शस्त्रक्रिया करवून घ्यावी काय? त्याचे उत्तर शोधताना जे समजले तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

दुर्बीण आपल्याला नवी नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया खेडोपाडी परिचित झाली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. कर्करोगाच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांनाच शंका होती. एवढ्याशा छिद्रांतून रोग समूळ निघेल काय? रोगट पेशी छिद्रांच्या जागी रुजणार तर नाहीत?

अमेरिकेत ८७२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बीण पद्धतीत १६ टक्के व पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत १८ टक्के होते. म्हणजे व्यवहारतः सारखेच. रुग्णालयातील मुक्काम सहा दिवसांवरून पाचांवर आला व वेदनाशामक औषधेही कमी लागली. कारण उघड आहे. आत करावयाचे काम दोन्हीकडे एकच: रोगट भाग लगतच्या ग्रंथींसह काढणे व आतड्याची टोके जोडणे. काढलेला भाग बाहेर घेण्यासाठी लहानसा छेद दुर्बिणीतही द्यावाच लागतो, म्हणून ‘बिनटाक्याची’ हा शब्द येथे खरा नव्हे.

यंत्रमानव हा शब्दही थोडा फसवाच आहे. यंत्र स्वतः काही ठरवीत नाही. शल्यविशारद शेजारी बसून त्याचे हात चालवितो. गुदाशय ओटीपोटाच्या अरुंद पोकळीत असतो, तेथे हे वळणारे हात उपयोगी पडतात. तरीही दहा देशांतील ४७१ रुग्णांच्या २०१७ मधील अभ्यासात दुर्बिणीहून निश्चित सरस असा लाभ सिद्ध झाला नाही. २०२५ साली चीनमधील मोठ्या अभ्यासात गुदाशयाच्या मधल्या व खालच्या भागातील कर्करोग तीन वर्षांत त्याच जागी उलटण्याचे प्रमाण यंत्रमानवाने १.६, तर दुर्बिणीने ४ टक्के आढळले. पण तेथील शल्यविशारद दोन्ही पद्धतींत निष्णात होते. तेव्हा यंत्र कोणते यापेक्षा, ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे, असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

आमचे आप्त आठ महिने मूळव्याधीची पुडी घेत होते. शौचातून रक्त जाते हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटे. रक्त, बदललेली शौचाची सवय, कारणाविना घटणारे वजन, यांपैकी काही आढळल्यास बोटाने तपासणी व गरजेनुसार आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्यावी. तेथे आढळलेला साधा कोंब पोटाला छेद न देताच काढता येतो.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. कोणती शस्त्रक्रिया तीत बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावे. जमिनीचा सौदा त्यानंतर.

आमच्या आप्तांचे आतडे तुंबून फुगले होते. डॉक्टरांनी पोट उघडूनच शस्त्रक्रिया केली. ती योजनेतून झाली. शेत विकावे लागले नाही, आणि यंदा त्यात त्यांनी सोयाबीन पेरले आहे.