दमसास कोणाचा मोठा?

(चिंचवड येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



चापेकर बंधूंच्या या गावात व्यायामाचे महत्त्व मी वेगळे सांगावयास नको. मात्र त्यातील एक नाजूक प्रश्न आज मांडतो. व्यायामाची क्षमता पुरुषात अधिक की स्त्रीत? मी वैद्य नव्हे, कलाशाखेचा पदवीधर पत्रकार आहे. पण वाचले, विचारले, ते सांगतो.

आपल्याच मातीतील दोन धावपटू पाहा. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत पूर्ण करून अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला तेवढेच अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत कापले, तेही पुरुषांसाठीचे उंच अडथळे ओलांडून. फरक आहे, तो नाकारण्यात शहाणपण नाही.

स्त्रीचे हृदय सरासरीने लहान असते; एका ठोक्यासरशी ते कमी रक्त पुढे ढकलते. हिमोग्लोबिन कमी, स्नायूंचे प्रमाणही कमी. परिणामी श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची तिची कमाल क्षमता मर्यादित राहते. परंतु नियमित सरावाने ही क्षमता दोघांचीही जवळपास सारख्याच प्रमाणात वाढते. सराव असलेली स्त्री बैठ्या पुरुषाला सहज मागे टाकते.

मग खरी चिंता कशाची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच उणे, तर जिना चढताना धाप लागणारच! मासिक पाळीत लोह खर्ची पडते, आणि ते भरून काढावयाचे अन्न घरातील स्त्रीच्या पानात सर्वांत शेवटी पडते. पहाटे निगडीच्या दुर्गा टेकडीवर यजमान फिरावयास जातात, तेव्हा घरची गृहिणी पहिल्या पाळीचा डबा भरत असते. हा दोष निसर्गाचा म्हणावयाचा काय?

पुरुष श्रोत्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या सकाळचा डबा आपण भरा. अर्धा तास तिला टेकडीवर जाऊ द्या. घरातील प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. रात्री सर्वांनी एकाच पंगतीत जेवा.

निसर्गाने ठेवलेले अंतर आपण मान्य करू. आपण स्वतः वाढवलेले अंतर मात्र आपणच मिटविले पाहिजे.