मुरुड जागेवर, जिल्हा फिरतीवर

लातूरजवळच्या मुरुडात 1900 साली जन्मलेला, जन्मभर शिवार न सोडलेला आणि 1985 साली गेलेला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. तो जन्मला तेव्हा जिल्हा होता नळदुर्ग. त्याला मिसरूड फुटायच्या आत जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद झाले. म्हातारपणी, 16 ऑगस्ट 1982 ला, लातूर. राज्यांचेही तेच. आधी निजामाचे हैदराबाद, सप्टेंबर 1948 नंतर भारतातले हैदराबाद, 1 नोव्हेंबर 1956 पासून द्विभाषिक मुंबई आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. गडी पारावरून उठला नाही, पण कागदावर त्याचे सहा पत्ते झाले!

आता त्याचा पणतू आजोबा-पणजोबांची माहिती काढायला निघतो आणि 'जिल्हा लातूर' म्हणून शोधतो. त्याला काय सापडणार?

सध्या मराठवाड्यात घरोघरी जुने कागद धुंडाळले जात आहेत. 2023 साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन नोंदी हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. खासरा पाहणी पत्रक, सेतवार, जुनी खरेदीखते, सगळे ट्रंकेच्या तळातून वर आले. कारण दाखल्याचे असो की नुसत्या हौसेचे, अडचण तीच येते. नाव जुळत नाही.

मुळात मुरुड एकच नाही. एक आपले, बाजाराचे. दुसरे जंजिऱ्याशेजारचे, रायगड जिल्ह्यातले. तिसरे दापोलीजवळचे, महर्षी कर्व्यांचे. त्यामुळे 'मुरुडकर' आडनावाच्या माणसाने थेट लातूरची गाडी धरू नये. आधी कुलदैवत कोणते, सोयरीक कुठल्या गावांत, ते पाहावे. घरात तुळजापूरची वारी असेल तर पारडे आपल्या बाजूला झुकते. तरी तेवढ्यावर निकाल देऊ नये, तुळजाभवानी साऱ्या महाराष्ट्राची.

बरे, नाव सापडले तरी ते वाचायचे कसे? निजामाच्या दप्तराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. म, र, ड एवढीच अक्षरे कागदावर असली की वाचणारा मरड वाचेल, मुरड वाचेल किंवा मुरुड. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पत्रास नाही. म्हणून नुसते नाव वाचून उठू नका, चतुःसीमा वाचा. पूर्वेस कुणाचे शेत, उत्तरेस कोणत्या गावची शीव, नदी-ओढा कुठे. शेजारची दोन गावे ओळखीची निघाली की मधले गाव आपोआप सापडते. आणि साल फसली असेल तर त्यात 590 किंवा 591 मिळवा. हैदराबादचा जहागिरी रद्द करण्याचा कायदा 1358 फसलीचा आहे, म्हणजे आपला 1949 चा.

इंग्रजांचा भाग यात वेगळाच गोंधळ घालतो. इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या हैदराबाद कंटिन्जन्ट फौजेच्या खर्चाचे देणे थकले म्हणून 1853 च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाने इंग्रजांकडे सोपवला. तो 1860 मध्ये परत आला. मधल्या काळात काही वर्षे इथला कारभार पाहणारा साहेब होता मेडोज टेलर. होय, ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिणारा तोच. त्याच कंटिन्जन्टच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादेत होत्या. मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई. गोऱ्यांच्या कागदांत याच गावाला कुठे अंबा, कुठे मोमिनाबाद म्हटलेले दिसते. छावणीत नोकरीला असलेल्या पूर्वजाचा माग काढायचा तर दोन्ही नावे जवळ बाळगावी लागतात.

रेल्वेने तर भल्याभल्यांना चकवले आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत आली, आपल्या मुरुडवरून. तिचे मोठ्या लाइनीवरचे टोक म्हणजे कुर्डुवाडी. त्या स्टेशनाचे जुने नाव 'बार्शी रोड'. पणजोबांच्या पत्रात 'बार्शी रोडला उतरलो' असे असेल तर ते बार्शीत नव्हे, कुर्डुवाडीत उतरले होते. औसा रोड स्टेशनाचेही तसेच, औसा तिथून दूर. शिवाय बार्शी इंग्रजी अमलात आणि मुरुड निजामाच्या. शिकायला बार्शीला गेलेल्या पोराची नोंद म्हणूनच हैदराबादच्या दप्तरात न मिळता मुंबई इलाख्याच्या सोलापूर जिल्ह्यात मिळते.

गावाच्या नावावरून घराणे सांगायची खोड मात्र आपली फार जुनी. मुरुडपासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. राज्य दूर कोकणात नि कोल्हापुरात, पण अभिमान तेरणाकाठच्या मूळ गावाचा. राष्ट्रकूटांनी तसाच 'लत्तलूरपुरवराधीश्वर' हा किताब मिरवला, आणि ते लत्तलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात.

उलटा प्रकारही आपल्याकडे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीसारखी गावे नव्या जागी वसली. नाव तेच राहिले, जागा हलली. तिथे 'जुने' की 'नवे' हे लिहिल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही.

2023 मध्ये उस्मानाबादचे अधिकृतपणे धाराशिव झाले. शहराचे ते जुनेच नाव. त्यामुळे कागदावर 'धाराशिव' दिसले म्हणून तो कालचा समजू नका, तो शंभर वर्षांपूर्वीचाही असू शकतो. माझे मत विचाराल तर प्रत्येक नामांतराबरोबर शासनाने तालुकावार तक्ता छापावा. कोणते गाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात. संशोधकाला नाही, तर तलाठ्याला तरी तो उपयोगी पडेल.

तोवर आपल्या हातात एवढे आहे. आजी-आजोबा बोलते आहेत तोवर त्यांना विचारा आणि वहीत लिहा. गाव, शेजारची गावे, बाजार कुठे भरायचा, स्टेशन कोणते, आणि त्या वेळचा तालुका-जिल्हा. जुन्या कागदावरचे उस्मानाबाद, मोमिनाबाद, बार्शी रोड खोडू नका. आजचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडा, आणि त्या चिठ्ठीवर तारीख घाला.